ठळक, अरुंद देवनागरी: मथळे, पाट्या आणि पोस्टरसाठी फॉन्ट निवडताना पडणारे प्रश्न

मुंबईत दुकानाची दर्शनी बाजू आठ-दहा फुटांची असते आणि नाव मात्र दोन जोडशब्दांचं. वर्तमानपत्राच्या स्तंभाची रुंदी ठरलेली, बातमीत ‘मुख्यमंत्र्यांच्या’ हा शब्द टाळता येत नाही. नाटकाच्या जाहिरातीला चौकट छोटी, पण अक्षर लांबून दिसायला हवं. अशा सगळ्या ठिकाणी जाड आणि अरुंद अक्षर लागतं. पाटीवाले, उपसंपादक, डिझाइनचे विद्यार्थी आणि गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते याबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

बोल्ड कन्डेन्स्ड अक्षर म्हणजे नेमकं काय?

उभ्या रेघा जाड, अक्षरं अरुंद आणि आतली पोकळी जेमतेम वाचण्यापुरती. त्यामुळे तेवढ्याच रुंदीत अक्षराची उंची वाढवता येते आणि नाव लांबून ओळखू येतं. रोमन लिपीत हा प्रकार एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या भिंतींवर लागणाऱ्या जाहिरातींमुळे फोफावला. लाकडी टाइपामुळे, म्हणजे छपाईच्या लाकडी खिळ्यांमुळे, प्रचंड आकाराची अक्षरं स्वस्तात मिळू लागली होती. पुढे १९०३ मध्ये मॉरिस फुलर बेंटन यांचा ऑल्टरनेट गॉथिक हा अरुंद टाइप आला. १९६५ मध्ये जेफ्री ली यांचा इंपॅक्ट शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या फाउंड्रीने बाजारात आणला. आज ज्याच्या-त्याच्या पोस्टरवर दिसणारा बेबस न्यू जपानी डिझायनर र्‍योइची त्सुनेकावा यांचा. देवनागरीत डिजिटल काळातली अशी चांगली निवड करता येऊ लागली ती साधारण गेल्या दहा-बारा वर्षांत.

देवनागरीत ‘सॅन्स सेरिफ’ असतो का?

सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या टोकांना असलेले छोटे पाय. देवनागरीला ते मुळातच नाहीत. आपल्याकडे फरक असतो तो रेघेच्या जाडीत. बोरू तिरका कापून लिहिलं की एक रेघ जाड, दुसरी बारीक येते. ज्या अक्षरात ही चढउतार जवळजवळ नसते, रेघ सगळीकडे सारख्या जाडीची वाटते, ते आपण रोमनच्या सॅन्स सेरिफशेजारी ठेवतो. ‘वाटते’ असं मुद्दाम म्हटलं, कारण चांगल्या ठळक फॉन्टमध्ये रेघ मोजून पाहिली तर ती कुठेच सारखी नसते. शिरोरेषा उभ्या दंडापेक्षा थोडी बारीक ठेवलेली असते आणि जिथे दोन रेघा भिडतात तिथे जाडी हलकेच कमी केलेली असते. तसं केलं नाही तर त्या सांध्यावर शाईचा डाग पडल्यासारखं दिसतं.

साधा बोल्ड फॉन्ट घेऊन तो आडवा ७० टक्क्यांवर चेपला तर काय बिघडतं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि शहरातल्या निम्म्या कुरूप पाट्यांचं मूळही इथेच आहे असं माझं ठाम मत आहे.

अक्षर आडवं चेपलं की उभ्या रेघा तेवढ्याच प्रमाणात बारीक होतात, पण आडव्या रेघांची जाडी तशीच राहते. म्हणजे ‘म’चा दंड ७० टक्के उरतो आणि त्यावरची शिरोरेषा शंभर टक्के. रोमन लिपीतही हे वाईटच दिसतं. देवनागरीत मात्र शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग आडवी रेघ असते, त्यामुळे दोष शब्दभर पसरतो. अक्षरं शिरोरेषेला लटकलेल्या काटक्यांसारखी दिसू लागतात. काही जण मग बाहेरून रेघ देऊन अक्षर जाड करतात. त्याने उभी रेघ सुधारते, पण ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘ह्य’ यांच्या पोकळ्या बुजतात आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो.

खरा कन्डेन्स्ड फॉन्ट असा चेपून होत नाही. त्यात प्रत्येक अक्षर नव्याने आखावं लागतं, कारण देवनागरीची अक्षरं सारख्या प्रमाणात अरुंद होऊच शकत नाहीत. ‘र’, ‘द’, ‘ट’ मुळात अरुंद आहेत, त्यांच्याकडून फारसं काही कापता येत नाही. ‘अ’, ‘क’, ‘फ’, ‘झ’, ‘ण’, ‘ळ’ रुंद आहेत, त्यांच्यात बरंच काम करावं लागतं. डिझायनर ‘व’ आणि ‘ब’च्या गोल पोटाला उभट, सपाट बाजू देतो. ‘म’, ‘भ’, ‘न’ यांच्या गाठी लहान करतो. ‘क’च्या उजव्या बाजूची वळणारी शेपटी आवरतो. ‘क्ष’सारख्या गर्दीच्या अक्षराला इतरांपेक्षा थोडी जास्त रुंदी देतो. हे सगळं करूनही शब्दाचा रंग, म्हणजे काळ्या-पांढऱ्याचा तोल, एकसारखा ठेवायचा असतो. एवढी मेहनत कुणीतरी आधीच करून फॉन्ट मोफत ठेवलेला असताना चेपण्याची गरजच नाही.

मग देवनागरीतले खरे कन्डेन्स्ड फॉन्ट कुठले?

मोफत, खुल्या परवान्याखाली मिळणाऱ्यांपैकी हे मी स्वतः सुचवतो.

टेको हा इंडियन टाइप फाउंड्रीचा. चौकोनी ठेवण, पाच वजनं, म्हणजे जाडीच्या पाच पायऱ्या. मोठ्या आकारात, खेळाच्या बातमीला, स्कोअरबोर्डला, व्हिडिओवरच्या पट्टीला याच्याइतका चपखल दुसरा सापडत नाही. पण वळणं इतकी चौकोनी आहेत की लग्नपत्रिकेला किंवा कवितेच्या कार्यक्रमाला तो लावला की मजकुराशी भांडतो.

खंड त्याच संस्थेचा. रेघ सारख्या जाडीची, पोकळ्या मोकळ्या. टेकोपेक्षा मऊ. वर्तमानपत्राचा दुय्यम मथळा, मासिकाचं मुखपृष्ठ, संस्थेच्या कार्यक्रमाचं पोस्टर यासाठी माझी पहिली शिफारस खंडचीच.

अनेक हा मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला, २०२२ मध्ये आलेला फॉन्ट. देवनागरीसह नऊ भारतीय लिपी आणि रोमन, असा त्याचा पसारा आहे. हा व्हेरिएबल फॉन्ट आहे. वजन १०० पासून ८०० पर्यंत आणि रुंदी ७५ पासून १२५ पर्यंत (१०० म्हणजे नेहमीची) हवी तशी सरकवता येते. पाटीवाल्यांसाठी हे वरदानच. नाव बसत नसेल तर चेपायचं नाही, रुंदीचा आकडा ९० वरून ८२ वर आणायचा. उभ्या रेघांची जाडी टिकून राहते. गुजराती आणि मराठी नाव एकाच फलकावर हवं असेल, जे आपल्याकडे घाटकोपर-मुलुंडला नेहमीचं आहे, तर दोन्ही लिपी एकाच घराण्यातल्या मिळतात.

नोटो सॅन्स देवनागरी गूगलचा. रुंदी ६२.५ पर्यंत खाली जाते, वजन ९०० पर्यंत वर. चेहरा थोडा सरकारी आहे, पण जोडाक्षरांच्या बाबतीत भरवशाचा. प्रगती नॅरो हा ओम्निबस-टाइपचा, त्यात रेग्युलर आणि बोल्ड अशी दोनच वजनं आहेत. तो छोट्या मथळ्यांना आणि तक्त्यांना बरा, भल्यामोठ्या पोस्टरसाठी त्यात पुरेसा दम नाही.

मुक्ता, बालू आणि मोदक ही नावंही कायम विचारली जातात. तिन्ही एक टाइपचे आणि तिन्ही उत्तम, पण कन्डेन्स्ड नाहीत. मोदक तर नावाप्रमाणेच गुबगुबीत आहे, त्यात पोकळ्या जवळजवळ मिटलेल्या आहेत. एका शब्दाला तो छान दिसतो. जागा वाचवायची असेल तर तो उपयोगाचा नाही.

इंपॅक्ट किंवा बेबस न्यू निवडून मराठी टाइप केलं तर अक्षर वेगळंच का येतं?

कारण त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरं उसनी आणतो. विंडोजवर ती बहुधा निर्मला यूआयमधून येतात, जुन्या संगणकावर मंगलमधून. मंगल हा मुंबईत घडलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा. तो पडद्यावर मजकूर वाचण्यासाठी आखला गेला, फलकासाठी नव्हे. म्हणून इंग्रजी नाव दणदणीत आणि मराठी नाव किडमिडीत असे फलक तयार होतात.

फॉन्ट मराठीसाठी योग्य आहे की नाही, हे पटकन कसं तपासायचं?

फॉन्टच्या संकेतस्थळावरचं नमुनावाक्य पाहू नका. ते त्या फॉन्टच्या सोयीने निवडलेलं असतं. त्याऐवजी मुंबईच्या लोकलची स्थानकं टाइप करा. एवढी चांगली चाचणी तयार मिळणं कठीण.

‘कुर्ला’मध्ये खाली उकार आणि वर रफार आहे, म्हणजे अक्षराची पूर्ण उंची कळते. ‘चर्चगेट’मध्ये रफारानंतर लगेच मात्रा आहे, दोघांची वर दाटी होते का ते पाहा. ‘महालक्ष्मी’मध्ये क्ष, म आणि दीर्घ वेलांटी एकत्र येतात. इथे वेलांटीचा कमान कुठे उतरतो त्यावरून डिझायनरची काळजी दिसते. ‘सँडहर्स्ट रोड’ सगळ्यांत अवघड: चंद्रावर अनुस्वार, आणि स-ट यांच्या जोडावर रफार. ‘मुलुंड’मध्ये दोन उकार लागोपाठ, ते ठळक वजनात एकमेकांना टेकतात का? ‘विद्याविहार’मधला द्य ठळक वजनात बुजतो का? ‘जोगेश्वरी’तला श्व नीट उभा राहतो का? ‘कॉटन ग्रीन’मध्ये अर्धचंद्र काना सोडून भलतीकडे तर गेला नाही ना?

वर्तमानपत्रासाठी निवडत असाल तर ‘शेतकऱ्यांना’, ‘मुख्यमंत्र्यांचा’, ‘मृत्यू’, ‘दुष्काळ’ हे चार शब्द जोडा. ‘ऱ्या’मधला आडवा र मराठीला रोज लागतो. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये नेमका तोच दुर्लक्षिला जातो.

मराठी ‘ल’ आणि ‘श’ आपले दिसत नाहीत. काय करायचं?

पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपं. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातही हीच मान्य केली आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये ती आत असतात, पण आपोआप येत नाहीत. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडावी लागते. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती अक्षरांच्या पॅनेलमध्ये निवडता येते. वेबसाइटवर पानाच्या भाषेचा कोड हिंदीचा ‘एचआय’ न ठेवता मराठीचा ‘एमआर’ द्यावा लागतो. एवढं करूनही बदललं नाही तर त्या फॉन्टमध्ये मराठी रूपं नाहीत असं समजा.

अरुंद फॉन्टमध्ये पाकळीचा ल करणं खरोखर जिकिरीचं आहे, कारण दोन पाकळ्या शेजारी-शेजारी बसवायला रुंदी लागते. तरीही ज्यांनी ते निगुतीने केलंय त्यांचा फॉन्ट निवडावा. ‘लालबाग’ लिहिताना दोन्ही ल परके दिसले तर मला ते खटकतं.

मथळ्याच्या दोन ओळींमध्ये अंतर किती ठेवायचं?

इंग्रजी कॅपिटल अक्षरांना वर-खाली काही नसतं, म्हणून इंग्रजीचे डिझायनर ओळी एकमेकींना अगदी खेटून ठेवतात. ती चाल देवनागरीत तशीच उचलली की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेत घुसतो. सुरुवात फॉन्टच्या आकाराच्या सव्वापटीने करा. मग तुमच्याच शब्दांकडे पाहत अंतर कमी करत या. वरच्या ओळीत उकार नसेल किंवा खालच्या ओळीत त्या जागी रफार-मात्रा नसेल तर एकपटीपर्यंतही जाता येतं.

हाताशी शब्द बदलण्याची मुभा असेल तर ती वापरा. उपसंपादकाने ‘पूर्ण’ऐवजी ‘सारं’ लिहिलं की वरचा रफारही जातो आणि खालचा उकारही. कधीकधी ओळ दुसऱ्या शब्दावर तोडली तरी टक्कर टळते. हस्तलिखित शीर्षकं करणारे हे काम हातानेच करत: उकार थोडा आत घ्यायचा, वेलांटी लांबवायची, खालच्या ओळीतली मात्रा किंचित कलती करायची. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची जी शीर्षकं केली ती जुन्या वर्तमानपत्रांत शोधून बघा. चौकट छोटी असूनही एकही मात्रा कोंबलेली दिसत नाही.

अक्षरांमध्ये थोडं अंतर टाकलं तर मोकळं दिसेल ना?

नाही. अंतर टाकलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अंतर वजा केलं की अक्षरं एकमेकांवर चढतात. भरीव रंगात ते लपतं, पण पारदर्शक रंग किंवा नुसती बाह्यरेषा दिली की प्रत्येक सांधा उघडा पडतो. मोकळेपणा हवा असेल तर एक वजन कमी करा किंवा दोन शब्दांमधलं अंतर वाढवा.

दुकानाच्या पाटीबद्दल कायदा काय म्हणतो? त्याचा फॉन्टशी काय संबंध?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी फलक सक्तीचा झाला. मराठी नाव आधी हवं आणि त्याची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसावीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली आणि शहरभर पाट्या बदलल्या गेल्या.

घाईत झालेल्या अनेक पाट्यांवर मराठी नाव वरच्या पट्टीत चेपून बसवलेलं आजही दिसतं. फॉन्टचा संबंध इथे येतो. दोन्ही लिपींना सॉफ्टवेअरमध्ये सारखाच आकडा दिला म्हणजे अक्षरं सारखी दिसतील असं नाही. त्या आकड्यात देवनागरीला उकार आणि मात्रा यांच्यासाठीही जागा ठेवावी लागते, म्हणून मूळ अक्षर लहान उरतं. माझा सल्ला असा की शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजा आणि ती इंग्रजी कॅपिटलच्या उंचीइतकी किंवा जास्त ठेवा. पाटीची उंची ठरवतानाच वर एक मात्रा आणि खाली एक उकार धरा. कन्डेन्स्ड फॉन्टचा खरा फायदा इथे दिसतो. रुंदीत वाचलेली जागा उंचीला देता येते आणि मराठी नाव खरोखर मोठं होतं.

किती मोठं? पाटीच्या धंद्यात दहा फुटांमागे एक इंच हा ठोकताळा चालतो, पण तो रोमन कॅपिटलवरून आलेला आहे. जोडाक्षरं असलेल्या नावाला त्याहून थोडं जास्त धरा.

एलईडी अक्षरं किंवा व्हिनाइल कापून घेताना काही वेगळं पाहायचं का?

व्हेरिएबल फॉन्टमध्ये अक्षराचे भाग एकमेकांवर चढलेले असतात. पडद्यावर ते कळत नाही, कापणारं यंत्र मात्र प्रत्येक रेषा कापतं आणि ‘क’च्या मध्यभागी चीर पडते. फाइल पाठवण्याआधी अक्षरांच्या बाह्यरेषा करून त्या एकत्र जोडा, कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये ‘वेल्ड’ आहे ते यासाठीच. शिरोरेषेमुळे शब्द एकसंध राहतो ही देवनागरीची मोठी सोय, पण अनुस्वार सुटा पडतो. त्याला वेगळा आधार लागतो हे कारागिराला आधीच सांगा. आत दिवे बसवायचे असतील तर सगळ्यांत बारीक रेघेत एलईडीचं मॉड्यूल, म्हणजे दिव्यांची पट्टी, मावते का ते मोजून घ्या. ती रेघ बहुधा जोडाक्षरात सापडते.

फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटून येतात, वेलांटी उलट्या बाजूला जाते.

फॉन्ट ठीक आहे, मांडणीचं इंजिन चुकीचं निवडलंय. सेटिंगमध्ये टाइपच्या भागात जाऊन ‘वर्ल्ड-रेडी’ किंवा जुन्या आवृत्तीत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ निवडा. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’.

आमच्याकडे सगळं श्रीलिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते सोडावं का?

जुनं काम मोडू नका. श्रीलिपीचे ठळक फॉन्ट मराठी छपाईने वर्षानुवर्षं वापरले आहेत आणि त्यातले काही अजूनही सुंदर आहेत. अडचण एवढीच की जुन्या सांकेतिकीकरणातला मजकूर वेबवर शोधता येत नाही आणि दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकला की त्याची रोमन चिन्हं होतात. नवं काम युनिकोडमध्ये करा. जुना मजकूर रूपांतरित केल्यावर ‘ऱ्य’, ‘र्‍ह’ आणि रफार असलेले शब्द डोळ्यांखालून घाला.

हे फॉन्ट धंद्यासाठी वापरले तर पैसे द्यावे लागतात का?

वर सांगितलेले पाचही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. पाटी, पोस्टर, पुस्तक, वेबसाइट, उत्पादनाचं वेष्टन, सगळीकडे विनामूल्य वापरता येतात. नुसता फॉन्ट वेगळा विकता येत नाही. इतर विकत घ्यायच्या फॉन्टची चोरटी प्रत वापरू नका. देवनागरी फॉन्टला शेकडो जोडाक्षरं आखावी लागतात आणि ते काम करणारी माणसं आपल्याकडे मोजकी आहेत.

सलग मजकुरासाठी चालेल का?

नको. चार ओळींनंतर डोळा थकतो. मजकुराला मुक्ता किंवा हिंद घ्या.

मुंबईत चांगली ठळक अक्षरं पाहायची तर कुठे जायचं?

मुंबई हे देवनागरी टाइपाचं जुनं माहेरघर आहे. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकात इथे पाडलेला टाइप देशभर वाखाणला गेला. आज मराठीत जो ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ आपण गृहीत धरतो, ती रूपं मुंबई वळणाची म्हणूनच ओळखली जात. आता रस्त्यावर पाहायचं तर गिरगाव आणि लालबागच्या जुन्या इमारतींवर सिमेंटमध्ये उठवलेली नावं पाहा. दादरला शिवाजी मंदिराबाहेरचे नाटकांचे फलक पाहा. रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्यांवरून तर यात्रा वन नावाचा फॉन्ट तयार झाला आहे, तो मोफत मिळतो. पाहताना फोटो समोरून, सरळ काढा. मग त्यातला एक शब्द ट्रेसिंग पेपरवर गिरवा. शिरोरेषा आणि दंड यांची जाडी पट्टीने मोजा आणि रंगाऱ्याने ‘क्ष’ला किती जागा दिली ते बघा.